उभा जोड

टाकीच्या पत्र्याला पुन्हा भोक पडलं, तशी सुधाकरनं वेल्डिंगची टॉर्च खाली ठेवली आणि स्वतःच्याच हाताला शिवी हासडली.

"काका, तुम्ही मागं राहता!" टाकीच्या आतून धनेश ओरडला. त्याचं काय चुकलं होतं? जोडीला नवा असला तरी हात तयार होता.

ॲल्युमिनियमचा आडवा जोड सुधाकर गप्पा मारत मारायचा. जोड उभा आला की मात्र वितळलेला रस खाली ओघळतो. म्हणून दोघं लागतात. एक आत, एक बाहेर, पत्र्याच्या दोन्ही अंगांनी एकाच जागी आच धरून, एकाच चालीनं खालून वर. तिथं रेंगाळून चालत नाही. लोखंड निदान लाल होऊन सांगतं तरी. हे मेलं अवाक्षर बोलत नाही, एकदम गळून पडतं.

वालीवच्या या गाळ्यात आतली बाजू कायम त्याच्या जुन्या जोडीदाराची, बर्नार्डची असायची. गेलं वर्षभर त्याला टाकीत दम लागायचा. त्यानं कधी सांगितलं नाही, सुधाकरनं कधी विचारलं नाही. नुसता करंट उतरवला आणि हात सावकाश केला. जोड लागत राहिले. वर बर्नार्डच विचारायचा, "म्हातारा झालास काय रे?"

ईस्टरनंतर बर्नार्डला मातीत ठेवलं. आता मशीनचा करंट धनेशच्या जोगा चढा होता, सुधाकरचा हात मात्र अजून बर्नार्डच्या जोगा सावकाश.

मालक व्हॅलेरियन शेठ भोकाकडं बघून चुकचुकले. "सुधाकर, कुणाची वाट बघतोस रे? लाइट जायच्या आत अजून एकदा कर. नाही जमलं तर उद्यापासून खिडक्यांच्या चौकटी. माझा पण इलाज नाही."

चौकटी! उभ्या जोडासाठी ज्याला ठाण्याहून बोलावणं यायचं, त्यानं चौकटी करायच्या!

सुधाकरनं भोक भरून घासून घेतलं. काच डोळ्यांवर ओढली.

"धनेश, माझ्यासाठी थांबू नको. तुझ्या चालीनं जा. मी येतो."

आर्क पेटला आणि हात पुन्हा जड झाला. आतून तो जुना दम ऐकू येतोय असंच त्याला वाटत होतं. "चल," तो दात आवळून हाताला म्हणाला, "चल बाबा, चल." हात सुटला. वरच्या टोकापर्यंत कुठं अडला नाही.

शेठनी बॅटरी मारून जोड पाहिला. "हां! हा आमचा सुधाकर!"

धनेश घाम पुसत बाहेर आला. "काका, एकदम बरोबर आलो आपण!"

सुधाकरनं काच वर केली. चेहरा सगळा भिजलेला होता.

"काय झालं काका? भाजलं?"

"नाही रे." तो नव्या जोडाकडं बघत राहिला. "बर्नार्ड मागं राहिला."