बेचाळिसावा माणूस

"काका, गाव नका सांगू, निदान दिशा तरी सांगा," मनोज म्हणाला.

"करंजी झ्याक हाय," म्हातारा म्हणाला आणि दुसरी उचलली.

मनोजनं कपाळाला हात लावला. पाडवा उजाडला होता, रजेचा शेवटचा दिवस. एरवी तो काल्हेरच्या गोदामात सुपरवायझर. दिवाळीला बाकीचे गावी जायला रजा घेत, हा भिवंडीच्या बेघर निवाऱ्यात राबायला घेई. घर असूनही घरी जायची हिंमत नसलेली माणसं हेरायची, त्यांचा पत्ता काढायचा आणि त्यांना हाताला धरून दारात नेऊन उभं करायचं, हा त्याचा पाच वर्षांचा नेम. आजवर एक्केचाळीस जण पोचवले होते. त्यांतला एकही परत आला नव्हता. हे सांगताना त्याची छाती फुगायची आणि का फुगू नये?

बेचाळिसावा मात्र हा म्हातारा. धनत्रयोदशीला काखोटीला गाठोडं मारून आला. रजिस्टरमध्ये "नुसतं विठू लिवा" म्हणाला. गाठोड्याला कुणाला हात लावू देईना. दुपारी तासभर कुठंतरी गायब व्हायचा आणि परत आला की भांडी घासायला बसायचा. फुकटचं खायचं नाही म्हणे.

मनोजनं आपला तर्क लढवला होता. गोदामाला जमीन गेली असणार, पैसा आला असणार, पोरांनी बापाला बाहेर काढलं असणार. अशी तीन घरं त्यानं आजवर सांधली होती. तसं विचारलं की म्हातारा मान हलवी. हो की नाही, ते कळत नसे.

"मनोज, तू घरी जा रे आता," खदीजाआपा चुलीपासून ओरडल्या. निवाऱ्याचा स्वयंपाक त्यांच्याकडे. ईदला मनोज थांबायचा म्हणून त्या घरी जात. दिवाळीला त्या थांबणार आणि मनोज घरी जाणार, असं ठरलेलं. ते मनोज कधीच पाळत नसे. "निशा आरती घेऊन बसली असेल. बायको आहे का कोण?"

"एवढे एक पोचवतो आणि जातो, आपा."

नरकचतुर्दशीला म्हाताऱ्याच्या पाठीला उटणं लावताना तो एकदाच जरा खुलला होता. "तू का करतोस रं ह्ये?" त्यानं विचारलं होतं.

मनोजनं खरं ते सांगून टाकलं. "मी अनाथाश्रमात वाढलो, काका. दिवाळीची सुट्टी लागली की पोरांना न्यायला कुणी ना कुणी यायचं. कुणाचा मामा, कुणाची आत्या. मीही पिशवी भरून फाटकाशी बसायचो. मला न्यायला कधी कुणी आलं नाही." मग हसून म्हणाला, "लग्नातसुद्धा तेच नडलं. घरदार नसलेल्याला मुलगी कोण देणार? निशा आपल्या हिमतीवर आली."

म्हाताऱ्यानं उटण्याची वाटी बाजूला सारली. मग भलतंच विचारलं, "तुझा शर्ट कंच्या नंबरचा?"

"चाळीस."

बिचाऱ्याच्या अंगावर धड कपडा नाही, हे मनोजच्या तेव्हा ध्यानात आलं. त्यानं पिशवीतला आपला बरा शर्ट काढून दिला. म्हाताऱ्यानं तो मुकाट्यानं घातला, पण डोळे भरून आले. मनोजलाही बरं वाटलं.

आता दुसरी करंजी संपवून म्हातारा उठला. हात धुतले. गाठोडं काखेत घेतलं.

"चल. दावतो घर. पन पोरगी आत घेनार न्हाय."

"पोरगी? मुलगा नाही?"

"पोरगीच हाय. आनि तिनं मला काढलं न्हाय. मीच तिला दार लावलं. दोन वर्सं झाली. लय वंगाळ वागलो."

मनोज ताडकन उभा राहिला. "ते माझ्यावर सोडा. एक्केचाळीस दारांत बोललोय मी. तुम्ही फक्त माझ्यामागं उभे राहा."

"रिक्षाला पैसे नको घालू," म्हातारा म्हणाला आणि चालू लागला.

सणामुळं कापड विणायचे लूम बंद होते. एरवी खडखडाटात बुडालेल्या गल्ल्यांतून आज पोरांची भांडणं आणि फोडणीचे आवाज ऐकू येत होते. म्हातारा कुणालाही न विचारता पुढं निघाला होता. मागून मनोज नेहमीची वाक्यं घोळवत होता. ताई, माणूस चुकतो. वडील आहेत तुमचे. आज पाडवा आहे, आत घ्या. आवाज चढवायचा नाही, हात जोडायचे आणि मग वाट बघायची. बेचाळीस! आपांना सांगायला तो आताच अधीर झाला होता.

वाट त्याच्याच घराच्या बाजूची होती. बरंच झालं, तो मनात म्हणाला. यांना सोडून लगेच ओवाळून घ्यायला जाता येईल.

म्हातारा एका दारापाशी थांबला. दारावर साडीच्या काठांचा कंदील होता. मनोजनंच तो परवा टांगला होता.

"काका, हे नव्हे. हे तर माझं..."

म्हाताऱ्यानं कडी वाजवली. दार उघडलं. निशा आरतीचं तबक घेऊन उभी होती.

"बाबा?" ती म्हणाली.

एक्केचाळीस दारांत जोडलेले हात मनोजनं सवयीनं आपल्याच दारात जोडले. म्हाताऱ्यानं उंबऱ्याशीच बसून गाठोडं सोडलं. आत निशासाठी साडी होती आणि वर एक नवाकोरा शर्ट, टाचण्यासुद्धा न काढलेला. तो दोन्ही हातांवर घेऊन म्हातारा मनोजपुढं उभा राहिला.

"चाळीस नंबरचाच हाय," तो म्हणाला. "घरदार न्हाय म्हनून तुमाला न बगताच नाकारलं. चार दिस निवाऱ्यात ऱ्हाऊन डोळ्यांनी बगितलं. आता गावभर सांगनार हाय, जावय कुनाचा त्ये. दिवाळसन ऱ्हायलाय, जावईबापू. पिशवी भरा. न्यायला आलोय."