दुसऱ्या गिअरचा धक्का

शुमेन शहरात बाबा आयुष्यभर लोकांच्या गाड्यांचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडून नीट करत आले. स्वतःच्या गाडीचा मात्र राहूनच गेला. दुसरा गिअर पडताना ती जोरात धक्का द्यायची. बाबा गेल्यापासून आई घराबाहेर पडली नव्हती. चाळिसाव्या दिवशी प्रथेप्रमाणे तिला बाबांच्या कबरीवर न्यायचं होतं; निदान प्रवासात तरी त्रास नको, म्हणून मी आणि बाबांचे भागीदार म्लादेनकाका गिअरबॉक्स खोलून बसलो.

काकांनी क्लचच्या चकत्यांमधली फट मोजली. "दुपटीनं जास्त! धक्का बसेल नाही तर काय? लोकांच्या गाडीत तुझा बाप केसाएवढा फरक चालवून घेत नसे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

"फट भरायला चकत्यांमागे जाड रिंग घालू या?"

"घाल. पण स्वतः मोजून घे, पोरी. डब्यावरच्या आकड्यावर जाऊ नकोस."

चार-पाच रिंगा मोजल्यावर एक नेमकी बसली.

चाळिसाव्याला आई कबरीवर न्यायच्या शिजवलेल्या गव्हाचं भांडं मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसली. चौक ओलांडताना दुसरा गिअर पडला, ते कळलंसुद्धा नाही. आईनं चमकून माझ्याकडे पाहिलं.

"बघ, गेला की नाही धक्का?" मी म्हटलं.



"दुरुस्त करू नकोस, असं मीच सांगितलं होतं त्याला," आई म्हणाली. "धक्का बसला की तो माझ्यापुढे हात आडवा धरायचा."