सोसण्याचा आकडा

साहेब मोजणीला येणार म्हणून अकरा वर्षांच्या सुगंधाने सकाळीच घर सारवलं, धाकट्या नाम्याचे केस चापूनचोपून विंचरले आणि दोन भाकऱ्या थापून ठेवल्या. आईबाप उष्णतेच्या लाटेत गेल्यापासून दोघांना रोज सरकारी डबा येई. तो चालू राहावा, एवढीच तिची आस होती.

कुलथेसाहेब उंबऱ्यावर रुमाल अंथरून बसले. त्यांनी सोशिकतामापक तिच्या मुठीत दिला. हे यंत्र म्हणे माणसाची सोसण्याची ताकद मोजतं.

"चौऱ्याण्णव! शाब्बास पोरी. साठच्या वर आकडा म्हणजे आधाराची गरज नाही. उद्यापासून डबा बंद."

"म्हणजे घाणीत रडत बसले असते, तर मिळाला असता?"

"नियम आहे, बाळ. मी काय करणार?" यंत्र परत मुठीत घेऊन साहेब कपाळ पुसू लागले. "काय हे उकडतंय! पंखासुद्धा नाही? माझी जेवणाची वेळ टळली, आता पित्त खवळणार."

तेवढ्यात त्यांच्या मुठीतलं यंत्र किणकिणलं. नाम्याने वाकून अक्षरं लावत वाचलं, "नऊ. तातडीने आधार द्यावा."

सुगंधाने साहेबांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग एक भाकरी ताटलीत घालून त्यांच्यापुढे सरकवली.

"जेवा साहेब. तुमचे हाल बघवत नाहीत. आम्ही दोघं एका भाकरीत भागवू, आमचा आकडा मोठा आहे."