सांधलेली घागर

“घात केलात तुम्ही लोकांनी माझ्या आजीचा!”

संग्रहालयाच्या साहेबाने लोरेन्सिताला खास बोलावून घेतलं होतं. काचेच्या पेटीत तिच्या आजीची घागर होती, अमेरिकेतल्या अकोमा या तिच्या आदिवासी गावाच्या कड्यावरून कधीकाळी उचलून आणलेली. बघता बघता घागरीवरच्या काळ्या रेघा पावसासारख्या झुलायला लागल्या, ओल्या मातीचा वास आला आणि आजीचा अंगठा अजून काठावरून फिरतोय असं वाटलं.

साहेबाचा चेहरा उतरला. “बाई, आमच्या हातून पडली, कबूल. एकतीस तुकडे झाले. पण एक कपचा वाया जाऊ दिला नाही. सगळी सांधलीय. आता पाचशे वर्षं काही होत नाही तिला.”

“फुटली म्हणून कोण रडतंय, शहाण्या?” लोरेन्सिताने काचेवर तळवा टेकला. “आमच्यात फुटक्या घागरीची खापरं पाट्यावर वाटून नव्या मातीत मळतात. त्याशिवाय घागर आगीत टिकत नाही. आजीच्या घागरीत तिच्या आईची घागर आहे, तिच्यात तिच्या आईची. माझ्या आईच्या खापरांची शेवटची मूठ गेल्या उन्हाळ्यात संपली. घरी नात पहिल्यांदाच माती भिजवून माझी वाट बघत बसलीय. इतक्या वर्षांनी आजी तुमच्या पेटीतून सुटली होती, आणि तुम्ही तिला चिकटवून परत आत कोंडलंत! आता बोला साहेब, पोरीच्या मातीत मी कुणाला मिसळू?”