चालू गाडी

गाडी थांबली, पण अंगदने इंजिन बंद केलं नाही.

गेवराईपासून उमापूरपर्यंत त्याने ती नुसती पळवली होती. मागे बसलेले त्याचे मालक सुंदरराव सारखे म्हणत होते, "दाब, दाब. फिर्याद व्हायच्या आत पोचलं पाह्यजे." एवढी तापलेली गाडी खटकन बंद केली की इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोला जाणारं ऑइल जागीच थांबतं, आतला पंखा मात्र गरगरत राहतो आणि कोरडा घासतो. म्हणून अंगदचा नेम होता. पळवून आणलेली गाडी जरा वेळ जागेवर चालू ठेवायची, मगच बंद करायची. सकाळी सुरू केल्या केल्या रेस द्यायची नाही. ऑइल वेळच्या वेळी बदलायचं, हवेचा फिल्टर धुळीने भरू द्यायचा नाही. सुंदररावांच्या दारात गाड्या पुष्कळ, पण मूळच्या टर्बोवर धावणारी ही एकटीच. त्यांच्या पुतण्याच्या, बंकटच्या गाडीचा टर्बो तर वरचेवर जायचा.

काल दुपारी बंकटच्याच गाडीने इथल्या रस्त्यावर मेंढरांच्या कळपात घुसून आश्रुबाला उडवलं होतं. आणि ती थांबली नव्हती. आश्रुबा बीडच्या दवाखान्यात होता, अजून शुद्धीवर आला नव्हता.

बाभळीखालून माणसं उठली. सगळी आश्रुबाची भावकी, मेंढपाळच. त्यांच्या हातात काठ्या रोजच असतात. आज मात्र अंगदची नजर त्या काठ्यांवरून हटेना. काहीजण गाडीच्या मागे गेले. आश्रुबाचा धाकटा भाऊ गहिनीनाथ बरोब्बर पुढे येऊन उभा राहिला आणि त्याने बॉनेटवर पंजा आपटला.

"गाडी कावून चालू ठेवली बे? पळायचंय?"

अंगदने काच खाली घेतली. "न्हाई हो, पळायचं कशाला? लई गरम झालीय. जरा चालू ठेवावी लागती, न्हाईतर टर्बो जातो."

"टर्बो जातो म्हणं!" मागून कुणीतरी थुंकलं.

माणसांनी वाट दिली. आश्रुबाची बायको चतुराबाई खिडकीशी आली. मेंढरांना वाली नाही म्हणून ती सकाळीच दवाखान्यातून परतली होती. नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन ती बीडपर्यंत गेली होती. लुगड्यावरचा डाग वाळून काळा पडला होता. तिचा आवाज चढलेला नव्हता.

"काय व्हतं म्हणलास, बाबा, बंद केल्यावर?"

"मावशी, आतली मशीन खराब व्हती. पळून आली की तिला थोडं थांबावं लागतं."

चतुराबाईने त्याच्याकडे पाहिलं.

"माझा माणूस रस्त्यात तडफडत व्हता, तवा तुमच्या गाडीला थांबाया जमलं न्हाई. अन् आता हिच्यासाठी आमी थांबायचं व्हय?"

अंगदचा हात चावीकडे गेला.

"अंगद, बंद करू नको." मागून सुंदररावांचा दबका आवाज आला.

त्याने आरशात पाहिलं. रोज गाडीतून उतरायच्या आधीच 'बंद कर की, डिझेल काय फुकट येतंय' म्हणून खेकसणारा माणूस आज दाराचं लॉक मुठीत धरून बसला होता. कपाळावरून घाम ओघळत होता.

"हे बोलायला आलेले न्हाईत. गिअर टाकून ठेव. मी म्हणलो की काढ."

"म्होरं माणूस हाय, आण्णा."

"व्हतंय आपोआप बाजूला."

अंगदने समोर पाहिलं. गहिनीनाथ जागचा हलला नव्हता. त्याचे दोन्ही तळवे आता बॉनेटवर टेकलेले होते. त्याच्याआड बाभळीला बांधलेल्या वाघरात, जाळीच्या कुंपणात कोंडलेली मेंढरं ओरडत होती. इंजिन एका लयीत चालू होतं. अंगदच्या हाताने जपलेलं, पाय ठेवला की उसळी घेणारं.

"टाक गिअर!"

अंगदने चावी फिरवली.

गाडी एकदा हादरली आणि गप्प झाली. बॉनेटखालून बारीक, कोरडी शिट्टी काही क्षण येत राहिली, मग विरली. ती त्याच्या दातांत शिरली. इतक्या वर्षांत या गाडीचा असा आवाज त्याने कधी होऊ दिला नव्हता.

तो खाली उतरला. मागचं दार त्याने आपल्या हाताने उघडलं.

"आण्णा, उतरा."

"डोकं ठिकाणावर हाय का तुझं? उद्यापासून दारात..."

"उतरा, आण्णा."

सुंदररावांनी एकदा त्याच्याकडे, एकदा काठ्यांकडे पाहिलं. मग एक पाय बाहेर काढला, मग दुसरा. मातीत उभं राहिल्यावर ते अंगदला एकाएकी बुटके वाटले. त्यांनी हात जोडले, पण कुणाकडे बघून जोडावेत ते त्यांना कळेना.

चावी अंगदच्याच मुठीत होती. चतुराबाईने तळवा पुढे केला. मागितली नाही, नुसता तळवा धरला. अंगदने चावी त्यावर ठेवली.

तिने ती पदराच्या टोकात घेतली, सावकाश गाठ मारली, दोनदा ओढून घट्ट केली आणि पदर कमरेला खोचला.

"काठ्या ठेवा रे खाली," ती म्हणाली. "बसा समदे. आता पावण्याला येळ हाय."