दोन कड्यांचा ग्रह

कप्तान आत आला तेव्हा तिघंही आधीच येऊन बसली होती आणि कुणीच बोलत नव्हतं. त्याला बरं वाटलं. म्हणजे आज काय होणार याचा वास त्यांना लागला होता.

फिजिओबाईंच्या दवाखान्यातल्या बाहेरच्या खोलीत दर शनिवारी संध्याकाळी ही बैठक भरे. भिंतीवर पाठीच्या कण्याचं चित्र, कोपऱ्यात व्यायामाचे रबरी चेंडू आणि मधे प्लास्टिकच्या खुर्च्या. सगळे कॉम्प्युटरवर एकच ऑनलाइन गेम खेळत. यान घ्यायचं, ताऱ्यांमधून हवं तिकडे भटकायचं आणि शनिवारी इथे येऊन काय पाहिलं ते सांगायचं.

कप्तान विमा कंपनीत दाव्यांची छाननी करायचा. दिवसभर लोकांच्या थापा वाचून माणसांविषयी त्याचं मत पक्कं झालं होतं. बहुतेक खोटारडे, उरलेले मठ्ठ. बेकरीवाला आणि बाई यांना त्याने मठ्ठांत जमा केलं होतं. बेकरीवाला दर आठवड्याला यान कशावर तरी आपटायचा आणि वर त्याचंच कौतुक सांगायचा. बाई तर एखाद्या चंद्रावर उतरून सूर्योदय बघत बसायच्या. अहो, सूर्योदयच बघायचा तर एवढ्या लांब कशाला जायचं? गच्चीत जा की.

तो स्वतः नेहमी एकटा जायचा. बरोबर येऊ का विचारलं तर म्हणायचा, "शेळ्या हाकायला मला वेळ नाही." फोटो मागितले तर, "मी काही सहलीला जात नाही." त्यांच्या मेसेजच्या ग्रुपमध्येही तो नव्हता. कोण तिथे फुलांची चित्रं बघत बसणार? या आठवड्यात बाईंचे फोन येऊन गेले, तेही त्याने उचलले नव्हते.

पण तो सांगायला लागला की बेकरीवाल्याचा चहा हातात गार व्हायचा. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीतसुद्धा त्याचं कुणी ऐकून घेत नसे. घरी ऐकायला कुणी नव्हतंच. साऱ्या गावात ही एकच खोली होती जिथे तो आला की त्याच्यासाठी खुर्ची पुढे सरकवली जाई. 'कप्तान' हे नावही इथलंच.

मग पडदेवाला यायला लागला. बाजारात त्याचं पडद्यांचं दुकान होतं. मागच्या शनिवारी त्याने एका ग्रहाची हकिगत सांगितली. एकमेकांना छेदून जाणारी दोन कडी, एक निळसर, एक तांबूस. सांगताना गिऱ्हाइकासमोर कापड उलगडावं तसे हात पसरले होते त्याने. त्याची थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली. तो यान चालवायचा, ती वाट सांगायची. तो ग्रह तिलाच आधी दिसला. आता रोज दुपारी यान त्याच्याभोवती फिरत ठेवतो आणि ताई बघत पडते, असं तो म्हणाला.

बाईंनी डोळे पुसले. बेकरीवाल्याने चक्क दोनदा ऐकलं. आणि कप्तानची पाळी आली तेव्हा बाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

ते घड्याळाकडे बघणं त्याला आठवडाभर डाचत होतं. काल आलेला कापडविक्या! त्याला या खोलीतून घालवल्याशिवाय कप्तानला चैन पडणार नव्हतं. थापाड्याला बैठकीत जागा नाही हा दंडक त्यानेच घातलेला होता आणि त्यापायी एका कॉलेजच्या मास्तराला बाहेरचा रस्ताही दाखवला होता.

"कप्तान, आधी एक बोलायचंय," बाई म्हणाल्या. "तुम्हाला कळलं का..."

"नंतर. आधी माझं."

"अहो, ऐका तरी," बेकरीवाला म्हणाला. "आज आम्हाला कुणालाच..."

"उत्साह नाही. दिसतंय ते. आता येईल."

पडदेवाला खाली मान घालून बसला होता. डोळे सुजलेले. धाकधूक तर असणारच, कप्तानच्या मनात आलं.

"पडदेवाले, तुमच्या त्या ग्रहावर मी जाऊन आलो."

पडदेवाल्याने झटकन वर पाहिलं. "जाऊन आलात?"

"बुधवारी. ऑफिसातून आलो, यान काढलं आणि तुम्ही सांगितलेल्या वाटेने थेट गेलो. काय सापडलं सांगू? एक राखाडी दगड. कडी नाहीत आणि बिडी नाहीत."

"बुधवारी?" बाईंनी हळूच विचारलं.

"हो, बुधवारी. उगाच कुणावर अन्याय नको म्हणून काल परत गेलो. तोच दगड."

बेकरीवाल्याने कप खाली ठेवला आणि बाईंकडे पाहिलं. बाईंनी नजर दुसरीकडे वळवली. कप्तान खुर्चीत ऐसपैस रेलला. किती दिवसांनी खोली अशी त्याच्या मुठीत आली होती.

"साक्षीदार कोण, तर सख्खी बहीण! असले दावे मी रोज केराच्या टोपलीत टाकतो. आजारी माणूस पुढे केला की भोळी माणसं विरघळतात, हे धंद्यातल्या माणसाला बरोबर कळतं. बाई, यांना काय सांगायचं ते आता तुम्हीच सांगा."

पडदेवाला उठला. आता हा पिशवी उचलणार आणि जाणार, असं कप्तानला वाटलं. पण तो सरळ कप्तानपाशी आला आणि त्याने त्याचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, टोमणा नव्हता. होती ती नुसती आशा.

"तुम्ही खरंच आत गेलात? मग मलाही सांगा ना कसं जायचं," तो म्हणाला. "ताईने जेवण सोडलंय हो. रविवारी कंपनीने न सांगता गेम कायमचा बंद केला, तेव्हापासून आमच्यापैकी कुणाचंच यान सुरू होत नाही."