शेवटचा हात

अण्णांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला. काही फरक पडला नाही. कालपर्यंत जिथे पोराचं नाव दिसायचं, तिथे आज पोरीचं होतं. टॅबवर बसच्या वेळापत्रकाची फाइल उघडली तर 'ताई'. थांब्यांची उघडली तर 'ताई'. सुट्ट्यांच्या फाइलीवर तर पोरगी कधी फिरकायचीसुद्धा नाही, तिथेही ताईच.

दोन्ही पोरांनी मिळून लिहिलेल्या त्या बसच्या प्रोग्रामच्या कोडमधलं अण्णांना ओ की ठो कळत नव्हतं. सगळा जन्म बस चालवण्यात गेलेला. त्यांना वाचता यायची ती फक्त प्रत्येक फाइलीच्या डोक्यावरची ओळ: 'शेवटचा हात', पुढे टोपणनाव, पुढे तारीख. फाइलीत कुणी काही बदललं की ही ओळ यंत्र आपली आपण भरतं, एवढं त्यांनी भावाबहिणीच्या गप्पांतून कधीतरी ऐकून ठेवलं होतं. पोरगा घर सोडून गेल्यापासून फोन नाही, निरोप नाही. पण रोज सकाळी कुठल्या ना कुठल्या फाइलीवर त्याचं टोपणनाव 'चष्मिस' आणि कालची तारीख असायची. म्हणजे काल स्वारी धडधाकट होती, कामाला बसली होती. तेवढं बघून अण्णा टॅब मिटायचे आणि अंघोळीला जायचे. घरात कुणाला याचा पत्ता नव्हता.

आज अंघोळ राहिली. अण्णा टॅब घेऊन तसेच मुलीच्या खोलीत गेले.

"तू त्याला काढून टाकलंस का?"

मुलीने कानातले इअरफोन काढले. "कुणाला?"

"तुझ्या भावाला. त्या बसच्या प्रोग्राममधून."

ती बघतच राहिली. चांगली नोकरी सोडून जगासाठी फुकट राबणारा माणूस माझ्या घरात नको, असं ज्यांनी ठणकावलं होतं, ते हेच. त्या दिवसापासून या घरात भावाचा विषय काढायची सोय नव्हती.

"तुम्ही आमचं पान बघता?"

"बातम्या बघताना हाताला लागलं," अण्णा खिडकीकडे बघत म्हणाले.

"अण्णा, तो आहे. कुठे गेला नाही. मी फक्त वरची खूण बदलली. जुनी होती ती तयार मिळते, सगळ्या प्रोजेक्टांत सारखीच. मग आमच्या फाइली कुणी नेल्या की त्यांचं यंत्र आमची नावं पुसून तिथे त्यांची भरतं. म्हणून आम्ही आमच्यापुरती वेगळी खूण केली. आता बघा, आधी आमच्या प्रोग्रामचं नाव: 'पुढची बस, शेवटचा हात'. दुसऱ्यांच्या यंत्राला ती ओळखता येत नाही. सगळ्या फाइलींत घातली मी, काल. म्हणून सगळीकडे शेवटचा हात माझा."

अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"म्हणजे नावं पुसली जाऊ नयेत म्हणून तू नावं पुसलीस?"

हे मुलीच्याही आत्ताच लक्षात येत होतं. "पुसली नाहीत हो. आत सगळं आहे." तिने जुन्या नोंदींचं पान उघडून दाखवलं. चष्मिस, चष्मिस, ताई, चष्मिस, कुणी परका, पुन्हा चष्मिस. पान संपेना. अण्णांचं डोकं गरगरलं.

"हे झालं जुनं. आजचं सांग. तो बरा आहे की नाही, ते मी आता कशावरून ओळखू?"

बोलून गेल्यावर ते स्वतःच चपापले. मुलीने फोन उचलून त्यांच्यापुढे धरला. अण्णांनी हात मागे घेतला.

"त्याने करावा."

"त्याचंही हेच म्हणणं असेल."

अण्णांनी टॅब पुन्हा समोर धरला. मग म्हणाले, "यात कुणीही हात लावू शकतो, असं म्हणता ना तुम्ही लोक?"

"हो."

"मग मला लावू दे."

मुलीने हसू दाबलं, उठून त्यांना आपल्या संगणकासमोरची खुर्ची दिली. "पैसे मिळणार नाहीत हं."

"ठाऊक आहे."

"टोपणनाव काय घालू?"

"अण्णा. आणखी काय."

थांब्यांची फाइल त्यांनीच सांगितली. त्यात काय बदलायचं, हे मात्र त्यांना सुचेना. एक रिकामी ओळ घातली तरी बदलच, असं मुलगी म्हणाली. अण्णांनी एका बोटाने, ब्रेक दाबावा तशी, कळ दाबली. मजकूर एक ओळ खाली सरकला. बाकीचं मुलीने केलं. फाइलीच्या डोक्यावर उमटलं: 'पुढची बस, शेवटचा हात: अण्णा'. पुढे आजची तारीख.

"त्याला दिसेल?"

"लगेच. त्याच्याकडे सूचना जाते."

"मग तो काय करेल?"

"काय की. ही रिकामी ओळ कशाला, म्हणून काढून टाकेल कदाचित."

"आणि माझं नाव?"

"फाइलीला त्याचा हात लागला की तुमचं जाईल. त्याचं येईल."

हे बरं की वाईट, अण्णांना पटकन ठरवता येईना. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली. मुलीने चहा आणून ठेवला, त्याच्यावर साय धरली. अंघोळीचं पाणी केव्हाच गार झालं होतं. अण्णा थोड्या थोड्या वेळाने पान पुन्हा उघडत होते, आणि दर वेळी आपलं नाव जागच्या जागी बघून त्यांचा चेहरा पडत होता.